भास्कर कुलकर्णींनी नेलेला कागद

बिहारमध्ये मधुबनीजवळचं जितवारपूर आणि आपल्या डहाणू तालुक्यातलं गंजाड, या दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन्हीकडे लग्नाच्या वेळी बायका घराच्या भिंतीवर चित्रं काढत, दोन्हीकडे वाटलेल्या तांदळाचा पांढरा रंग ओळखीचा होता, आणि दोन्हीकडची चित्रं पुढच्या सारवणाखाली निमूट नाहीशी होत. या दोन्ही गावांत कागद घेऊन पोहोचलेला माणूस मात्र एकच. मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी.

आज मधुबनी म्हटलं की साड्या आठवतात आणि वारली म्हटलं की सोसायटीची कंपाउंड वॉल. कुलकर्णींचं नाव त्यात कुठेच येत नाही. ते 1983 मध्ये बिहारमध्येच, दरभंग्याला गेले. त्यांच्या कामाबद्दल लिहायचं तर साहित्याबद्दल लिहायला हवं. कागद, पीठ, डिंक, गेरू, मानधन आणि चित्राच्या मागे लिहिलेलं नाव, याच गोष्टींवर त्यांचं काम उभं होतं. त्यांची आठवण ठेवायची असेल तर हे सगळं नीट कसं करायचं तेही सांगायला हवं, म्हणून या लेखाचा अर्धा भाग त्यावरच आहे.

कुलकर्णी विणकर सेवा केंद्रात काम करायचे. हातमागासाठी नवे नमुने काढायला सरकारने सुरू केलेली ही केंद्रं. तिथे त्या काळात चांगले चांगले चित्रकार नोकरीला होते, प्रभाकर बरवेही त्यांतलेच. 1966-67 मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. हस्तकलेचं काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी ठरवलं की मिथिलेतल्या, म्हणजे मधुबनी-दरभंग्याच्या भागातल्या, ज्या बायका भिंती रंगवतात त्यांना कागद द्यायचा, चित्रं काढून घ्यायची आणि पैसे द्यायचे. त्या कामासाठी त्यांनी कुलकर्णींना पाठवलं.

मिथिलेच्या भिंतींची जगाला अजिबातच खबर नव्हती असं नाही. 1934 च्या भूकंपात घरं पडली, आतल्या खोल्या उघड्या पडल्या, तेव्हा विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला ही चित्रं दिसली आणि 1949 मध्ये त्याने त्यांवर ‘मार्ग’ नियतकालिकात लेखही लिहिला. पण लेखाने भिंतीवरची बाई भिंतीपाशीच राहिली. कागदाने तिच्या हातात पैसे आले. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

भिंतीवरून कागदावर येणं आपल्याला वाटतं तितकं सोपं नसतं. कोहबर, म्हणजे नवरानवरीच्या खोलीतलं चित्र, उभ्याने काढलं जातं. हात खांद्यापासून फिरतो. बांबू आणि कमळाची पानं यांचा तो मोठा आकृतिबंध माणसाच्या उंचीएवढा असतो. कागद जमिनीवर ठेवला की बाई बसते, हात मनगटापासून फिरायला लागतो आणि रेघ आपोआप बारीक होते. भिंतीला कोनाडा असतो, दाराची चौकट असते, चित्र कुठे संपायचं ते घरच सांगतं. कागदाला तसं काहीच नसतं, म्हणून चित्राला कडेने किनार आली. आज मधुबनीची ओळख झालेली ती पानाफुलांची भरगच्च किनार म्हणजे कागदावर उभी केलेली दाराची चौकटच आहे असं मला वाटतं.

रंगाचंही तेच. सारवलेली भिंत पाणी हळूहळू पिते. काजळी शेणात कालवून केलेला काळा रंग तिथे छान बसतो. गिरणीचा गुळगुळीत कागद पाणी पीतच नाही, रंग वर तरंगतो आणि वाळल्यावर पापुद्रा सुटतो. वहीचा पातळ कागद उलट इतकं पाणी पितो की रेघेला पाय फुटतात. हातकागद या दोहोंच्या मधला, म्हणून तोच या कामाला बरा पडतो. पुढे त्यालाही शेणाच्या पाण्याचा पातळ हात द्यायची पद्धत आली. त्याने कागदाची पाण्याची भूक थोडी शमते आणि भिंतीचा रंगही येतो. रंग बाभळीच्या डिंकात, कधी बकरीच्या दुधात कालवतात. बारीक रेघेला बोरूसारखी काडी आणि रंग भरायला काडीच्या टोकाला गुंडाळलेला कापूस. बाह्यरेघ दुहेरी काढायची आणि दोन रेघांच्या मधे आडव्या बारीक रेघा भरायच्या. नवशिक्यांचं चित्र इथेच फसतं. दोन्ही रेघांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं नाही तर आकृती फुगलेली दिसते.

आता कुलकर्णींच्या कामाचा गाभा. ते नमुने काढणाऱ्या खात्यातले चित्रकार होते. नमुना काढून हातात देणं आणि ‘असं काढा’ म्हणणं हा त्यांच्या खात्याचा रोजचा धंदा. इथे त्यांनी कागद दिला आणि काय काढायचं ते बायकांवर सोपवलं. त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. मिथिलेतल्या सीतादेवींची चित्रं पाहा: मोठ्या आकृती, भरलेले रंग, डोळे थेट आपल्यावर. गंगादेवींची पाहा: रंग जेमतेम, सगळा खेळ बारीक रेघेचा. एकाच प्रदेशातल्या, एकाच काळातल्या दोघी. कुणी एक नमुना दोघींच्या हातात ठेवला असता तर हे दोन हात वेगळे दिसलेच नसते. मिथिलेतल्याच जगदंबादेवींना 1975 मध्ये, सीतादेवींना 1981 मध्ये आणि गंगादेवींना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली.

पुढे बाजार आला आणि बाजाराने काय केलं हेही सांगायला हवं. लहान आकाराचे कागद खपतात म्हणून चित्रं लहान झाली. रामसीता, कृष्णराधा खपतात म्हणून तीच पुन्हा पुन्हा आली. दलालाने शंभर चित्रं एकदम उचलली की काढणारीचं नाव गळून पडायचं. 1977 मध्ये अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रेमंड ओवेन्स यांच्या पुढाकाराने तिथे कलाकारांची स्वतःची संस्था उभी राहिली, ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. म्हणजे कागद पोहोचवून काम संपत नाही. तो कागद परत कुणाच्या हातून, किती पैशांना आणि कुणाच्या नावाने बाहेर जातो, यावर कुणाचं तरी लक्ष लागतं.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी डहाणूच्या वारली पाड्यांवर पोहोचले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा 2014 मध्ये झाला. मराठी वाचकाला वारली हे नाव 1945 च्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावामुळे आणि गोदावरी परुळेकरांमुळे माहीत होतं. त्यांच्या घरातल्या भिंतींबद्दल फार कुणी बोलत नव्हतं.

वारल्यांचं मुख्य चित्र म्हणजे लग्नाचा चौक. तो सुवासिनी काढतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, त्या गाण्यांनी देवांना बोलावलं जातं. चौकात पालघट देवी, बाजूच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव, आणि भोवती चंद्र, सूर्य, शिडी, फणी, बाशिंग, घोडा. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की चित्राचं काम झालं, कुणी ते जपत नाही. कुलकर्णींनी इथेही बायकांना कागद आणि रंग दिले. त्या बायकांच्या सोबतीने एक पुरुषही चित्रं काढू लागला, जिव्या सोमा म्हसे. 1934 चा जन्म, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे, पुढे गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर स्थायिक झालेले. लहानपणी आई गेली आणि त्यांनी बोलणंच सोडलं. मातीत रेघा ओढून सांगायचे. अशा माणसाच्या हातात कागद पडल्यावर काय झालं असेल ते त्यांचं मासे धरण्याच्या जाळ्याचं चित्र पाहिल्यावर कळतं. जवळून पाहिलं तर हजारो तुटक, इवल्या रेघा. दोन पावलं मागे सरलं की जाळं वाऱ्यावर फुगलेलं दिसतं.

1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. मला यातला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1989 चा पॅरिसमधला प्रसंग. तिथल्या पाँपिदू केंद्रात आणि ला व्हिलेतच्या सभागृहात जगभरातल्या कलाकारांचं एक मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात जितवारपूरच्या बउआ देवी होत्या आणि गंजाडचे जिव्या म्हसेही होते. कुलकर्णींच्या दोन्ही गावांची चित्रं एका प्रदर्शनात आली होती. ते पाहायला कुलकर्णी नव्हते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

आता हाताने करायच्या गोष्टी.

पांढऱ्या रंगापासून सुरुवात करू. अर्धी वाटी जाड तांदूळ रात्रभर, निदान आठ तास भिजत घालायचा. पाणी काढून टाकून दोन-तीन चमचे ताज्या पाण्यात पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अगदी गंधासारखा वाटायचा आणि मलमलीतून गाळायचा. गाळणं टाळू नका. एक कणी काडीच्या टोकात अडकली की रेघ दुभंगते आणि मग कितीही पुसलं तरी काडी सुधारत नाही. घट्टपणा ताकापेक्षा दाट आणि धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ असा हवा. बाभळीचा डिंक एक चमचा, चार चमचे कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळून घ्यायचा. त्यातलं दोन चमचे पाणी या पिठाला पुरतं. पीठ विकतचं वापरलं तरी चालतं, पण ते कोरडं दळलेलं असल्याने थोडं रवाळ राहतं, दोनदा गाळावं लागतं.

डिंक बरोबर पडला का ते टाकाऊ कागदावर पाहायचं. एक जाड रेघ ओढायची, पूर्ण वाळू द्यायची, कागद बोटाभोवती गुंडाळायचा. रेघ तडकून खपल्या पडल्या तर डिंक कमी. रेघ पिवळसर, चमकदार दिसली तर डिंक जास्त. ही परीक्षा न घेता काढलेली चित्रं पहिल्यांदा गुंडाळताना अर्धी मोकळी होतात.

नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक याच रंगात होते. तांदळाचं पीठ ओलं असताना जवळजवळ दिसतच नाही. करडी ओल दिसते, बस. वाळल्यावर पाच-दहा मिनिटांत ते पांढरंशुभ्र उमटतं. वाट न पाहता त्याच रेघेवर दुसरा, तिसरा हात दिला की थर जाड होतो आणि जाड थर डिंक असूनही सुटतो. पहिली रेघ ओढायची आणि चित्राच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन काम करायचं, तोवर पहिली उमटते. हे पीठ एका दिवसापुरतंच करा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ते आंबतं, बारीक बुडबुडे येतात आणि रेघेत भोकं पडतात. लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकला तर संध्याकाळपर्यंत तग धरतं.

काडी बांबूची, आगकाडीएवढ्या जाडीची, वीतभर लांब. एक टोक अर्धा तास पाण्यात ठेवून दगडाने हलकेच ठेचायचं किंवा चावायचं. तंतू तीन-चार मिलिमीटर मोकळे झाले की थांबायचं. जास्त मोकळे झाले तर काडी झाडूसारखी फाकते. दर दहा मिनिटांनी काडी पाण्यात खळबळून घ्यायची, नाहीतर वाळलेलं पीठ तंतूंत दगड होऊन बसतं.

कापडावर काढायचं असेल तर कोरा मांजरपाट घ्यावा आणि तो आधी धुवावाच. गिरणीची खळ राहिली तर वरचा थर कापडात मुरत नाही. शिवाय पहिल्या पाण्यात मांजरपाट आटतो, तो चित्र काढल्यावर आटला तर सगळंच आटोपलं. रात्रभर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून भिजवायचा, सकाळी चोळून धुवायचा, वाळला की पाटाला किंवा चौकटीला ताणून टाचायचा. ताज्या शेणाच्या दोन मुठी दुप्पट पाण्यात कालवून कापडातून पिळून घ्यायच्या. चोथा राहिला तर वाळल्यावर काड्या वर येतात. या पाण्यात वाटीला एक चमचा डिंकाचं पाणी. पहिला हात आडवा, तो उन्हात कडक वाळल्यावर दुसरा उभा. वास दोन-तीन दिवसांत जातो. पावसाळ्यात हे काम करूच नये. वरून वाळलेलं वाटतं, आत ओल राहते आणि आठवड्याभरात बुरशीचे काळे ठिपके येतात, ते कधीच जात नाहीत.

गेरूची पार्श्वभूमी करताना गेरू वस्त्रगाळ करून घ्यावा, तीन चमचे गेरूला अर्धी वाटी पाणी आणि दोन चमचे डिंकाचं पाणी. गेरू तळाला बसतो, म्हणून प्रत्येक वेळी ढवळून कुंचला बुडवायचा, नाहीतर कापडावर ढग उमटतात. वाळल्यावर कोरडं बोट घासून पाहायचं. बोट लाल झालं तर डिंक वाढवून आणखी एक पातळ हात. जास्त डिंकाने पृष्ठ काचेसारखं झालं तर तेही वाईट, वरचा पांढरा रंग धरत नाही, घसरून थेंब होतो. कागद असेल तर किमान 200 जीएसएमचा (चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचा) घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने पाटावर बसवून मगच गेरू लावा. एकाच बाजूने ओला झालेला कागद होडीसारखा वळतो.

वारली आकृतीबद्दल थोडंच. दोन त्रिकोण, टोकाला टोक. वरच्याचा पाया म्हणजे खांदे, खालच्याचा पाया म्हणजे नितंब. ते टोक किती बारीक जमतं यावर माणूस हलतो की उभा राहतो हे ठरतं. टोक जाड झालं की माणसाचा डमरू होतो. भात लावणाऱ्या बाईचा वरचा त्रिकोण जवळजवळ आडवा पडतो, ओझं नेणाऱ्याचा किंचित पुढे झुकतो. आधी बाह्यरेघ, ती वाळल्यावर आतलं भरणं. ओल्यात भरलं तर कोपरे विरघळतात. तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्या तालावरचा नाच काढायचा असेल तर तारपा वाजवणारा आधी काढायचा, कारण बाकी सगळे त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. मग डोक्यांचे ठिपके गुंडाळीसारखे बाहेर मांडत न्यायचे आणि त्यानंतरच अंगं जोडायची. एकेक माणूस पूर्ण करत गेलं तर गुंडाळी शेवटी बंदच होत नाही, जागा उरते किंवा कमी पडते.

लग्नाचा चौक मात्र कार्यशाळेत स्वाध्याय म्हणून देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. शेत, मासेमारी, ताडीवर चढणारा, मुंग्यांचं वारूळ, विषय हजार आहेत. चौक हा धवलेरीच्या गाण्यासोबतचा विधी आहे. तो मगवर छापलेला पाहिला की वाईट वाटतं.

चित्र घरी आणल्यावर लोक हौसेने त्यावर वॉर्निश मारतात. असं करू नका. तांदळाचं पीठ पांढरं दिसतं ते कणांमधल्या हवेमुळे. वॉर्निश किंवा तेल त्या फटींत शिरलं की हवा जाते आणि पांढरा रंग पारदर्शक होतो. वडा ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद जसा आरपार दिसायला लागतो, अगदी तसं. नाच करणारी चाळीस माणसं एका हातात गेरूत बुडून जातात. लॅमिनेशनही नको, उष्णतेने थर प्लास्टिकला चिकटतो. काच लावायची तर चित्र आणि काच यांच्यात पुठ्ठ्याच्या पट्टीचं तीन-चार मिलिमीटर अंतर ठेवायला फ्रेमवाल्याला सांगा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात पीठ काचेला चिकटतं. मागे प्लायवूड नको, त्याचे तपकिरी डाग कागदात उतरतात. तांदळाला आणि डिंकाला कसर आणि झुरळं लागतात, तेव्हा वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, फ्रेम भिंतीवरून उतरवून मागची बाजू पाहायला हवी. गुंडाळायचं असेलच तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, निदान वीतभर व्यासाच्या नळीवर. रंग आत ठेवून गुंडाळला की थर दाबला जाऊन चुरगळतो.

भिंतीवरचं चित्र जपायचं ठरवलं तर काय होऊ शकतं, हेही माहीत असावं. गंगादेवींनी आजारपणात दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक कोहबर घर रंगवलं होतं. 1991 मध्ये त्या गेल्या. ती भिंत 2015 मध्ये नूतनीकरणाच्या कामात पाडली गेली. कागदावरच्या गंगादेवी आज आहेत, त्या भिंतीवरच्या नाहीत.

कुलकर्णींच्या आठवणीत एखादा कार्यक्रम करायचा असेल तर हार-तसबीर-भाषण बाजूला ठेवून एक कार्यशाळा करावी, पंचवीस जणांची, तीन तासांची. वर दिलेलं पांढऱ्या रंगाचं प्रमाण दहा-बारा जणांना पुरतं, म्हणून दुपटीहून थोडं जास्त करा. काड्या पन्नास करून ठेवा, निम्म्या फाकतात. पार्श्वभूमी लावलेले कागद आदल्या दिवशी वाळवून तयार हवेत, त्या दिवशी गेरू लावत बसलं तर तास जातो आणि ओल्या गेरूवर रेघ पसरते. बसायला सतरंजी, उजेड डावीकडून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यात चांगले, हवा कोरडी असते.

कलाकाराला डहाणू-तलासरीकडून बोलवणार असाल तर तारीख त्यांना विचारून ठरवा. बरेच जण शेती करतात, आवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या, दिवसांत किंवा भात कापणीला त्यांना बोलावणं म्हणजे त्यांच्या घरचं नुकसान. मानधनाचा आकडा आधी सांगायचा, प्रवासखर्च वेगळा धरायचा आणि दोन्ही त्याच दिवशी निघण्यापूर्वी हातात द्यायचे. ‘तुमची चित्रं लोकांपर्यंत पोहोचतील’ हा मानधनाला पर्याय नाही. चित्रं विकायला ठेवली तर किंमत त्यांनी सांगायची, आपण घासाघीस करायची नाही आणि इतरांना करू द्यायची नाही. फोटो काढण्याआधी विचारायचं. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, मधुबनीला 2007 मध्ये. पण मानांकन पाड्यावरच्या एकेका माणसाचं नाव लिहून ठेवत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

कार्यशाळेत आयोजकाने कुणाच्या चित्रात हात घालू नये. मूल दोन त्रिकोण जोडताना चुकत असेल तर कलाकार सांगेल, किंवा सांगणारही नाही. दोन्ही चालतं.

आणि चित्राच्या मागे लिहायचं ते असं: काढणाऱ्याचं पूर्ण नाव, पाडा, गाव, तालुका, वर्ष, कागद की कापड, पांढरा रंग पिठाचा की बाटलीतला. चित्र कशाचं आहे ते त्यांच्याच शब्दांत एक ओळ. मऊ शिसपेन्सिलीने, खालच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि त्याची शाई दमट हवेत कागदात उतरते. नाव लिहून झाल्यावर ते कलाकाराला वाचून दाखवायचं, कारण आडनावं ऐकून लिहिताना हमखास चुकतात.